पागोळीचं पाणी आणि माशी खाणारं झाड

 

आम्ही कोकणातल्या, कातळसड्याखालच्या एका गावातल्या अकरा जणी. आमची छोटी रोपवाटिका आहे. अबोली, जास्वंद, मोगरा, सोनचाफा अशी रोपं आम्ही करतो आणि आठवडी बाजारात विकतो. आज मात्र आम्ही वेगळ्याच झाडांविषयी बोलणार आहोत. ही झाडं माशा आणि किडे खातात. ऐकून हसू येईल, पण अशी झाडं खरोखर आहेत. शहरात लोक ती घरात कुंडीत लावतात, त्यांना पैसेही मोजतात. त्यातली काही आपल्या सड्यावरच उगवतात. या झाडांच्या नादात आम्ही एक चूक केली आणि त्यातून थोडं शिकलो. ते दोन्ही तुम्हाला सांगायचं आहे.

आधी सड्यावर जाऊ. तुमच्यातल्या ज्या लहानपणी गुरांमागे फिरल्या असतील त्यांना आठवेल. गणपतीच्या सुमाराला कातळावर ओल असते, हातभर जागेत दहा तऱ्हेची फुलं असतात. त्यात वीतभर उंचीचं, बारीक पानांचं, तांबूस रंगाचं एक रोप असतं. प्रत्येक पानावर केसासारखे बारीक तंतू आणि तंतूच्या टोकाला चकाकणारा थेंब. दुपारचं ऊन डोक्यावर आलं, गवतावरचं दव केव्हाच उडून गेलं, तरी याचे थेंब तसेच. म्हणून त्याचं नाव दवबिंदू. दुसरा एक दवबिंदू रुपयाच्या नाण्याएवढा, कातळाला चिकटून गोल पसरलेला असतो. आम्ही लहानपणी त्याला बोट लावायचो, बोट चिकट व्हायचं, की फ्रॉकला पुसून पुढे पळायचो. तो थेंब दवाचा नाही, चिकाचा आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. बारीक किडा त्या थेंबाला पाणी समजून बसतो आणि चिकटतो. आजूबाजूचे तंतू हळूहळू वाकून त्याला धरतात. मग पान त्याच्यावर पाचक रस सोडतं. दोन-चार दिवसांनी किड्याचं नुसतं टरफल उरतं.

त्याच कातळावर जांभळ्या फुलांचा गालिचा पसरतो, ती सीतेची आसवं. साताऱ्याच्या कास पठारावर ती पाहायला लोक गाड्या भरून येतात. दिसायला इतकं नाजूक फूल, पण तेही किडे खाणारंच. त्याचा सापळा वर दिसत नाही, खाली ओल्या चिखलात असतो. मोहरीच्या दाण्याहून बारीक पिशव्या असतात, त्यांना झडप असते. पाण्यातला सूक्ष्म जीव झडपेला लागला की डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी त्याला पाण्यासकट आत ओढून घेते.

आता तुम्ही विचाराल, झाडाला माती आहे, पाणी आहे, ऊन आहे, मग किडे कशाला हवेत? याचं उत्तर सड्यावरच आहे. कातळावर माती किती, तर बोटभर. त्यावर पाऊस कोसळतो तो चार महिने. मातीतलं जे काही कसदार असतं ते धुऊन खाली आपल्या शेतात येतं. सड्यावरच्या मातीत नत्र नाही, स्फुरद नाही. ऊन आणि पाणी मात्र भरपूर. अशा ठिकाणी बाकीची झाडं खुरटतात. या झाडांनी काय केलं, तर मातीतून मिळत नाही ते हवेतून उडत येणाऱ्या किड्याकडून घेतलं. म्हणजे किडा हे त्यांचं जेवण नाही. जेवण ती इतर झाडांसारखी उन्हावरच करतात. किडा हे त्यांचं खत आहे. मैत्रिणींनो, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं आहे. आम्हाला ती आधी माहीत नव्हती, म्हणून आमचं नुकसान झालं.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी गणपती झाल्यावर शहरातून एक माणूस रोपवाटिकेवर आला. त्याच्या मोबाइलमध्ये दवबिंदूचा फोटो होता. म्हणाला, हे तुमच्या सड्यावर आहे ना, मला काढून द्या, एका रोपाला पंधरा रुपये देतो. पंधरा रुपये! आम्ही मोगऱ्याचं कलम वर्षभर सांभाळतो तेव्हा कुठे त्याचे पन्नास येतात. इथे तर नुसतं जायचं आणि उपटून आणायचं.

आमच्यात वाद झाला. आमच्यातल्या सर्वांत थोरल्या काकी म्हणाल्या, जे आपण लावलं नाही ते विकायचं कसं? तर एक वहिनी म्हणाली, काकी, माझ्या मुलीची फी भरायची आहे, वरचे खाणीवाले चिऱ्यांसाठी अख्खा सडा कापून नेतात त्यांना कोणी विचारत नाही, आणि आपण चार रोपं घेतली तर काय बिघडलं? तिचं बोलणं चुकीचं होतं असं आम्हाला तेव्हा वाटलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही तिला कोणी दोष देत नाही. त्या मुलीची फी आमच्या डोळ्यांसमोर होती. आम्ही सगळ्याच गेलो. ओल्या मातीच्या ढेकळासकट साठ रोपं काढली, प्लॅस्टिकच्या पेल्यांत बसवली. नऊशे रुपये आले. अर्धे वहिनीला दिले, अर्धे गटाच्या खात्यात भरले.

पंधरा दिवसांनी त्या माणसाचा फोन आला. म्हणाला, रोपं सगळी मेली, पण हरकत नाही, गिऱ्हाइकाकडे गेल्यावर मेली. पुढच्या वर्षी दुप्पट द्या. त्या ‘हरकत नाही’नं आमच्या काळजात चर्र झालं.

ती मेली यात नवल नव्हतं. सड्यावरचा दवबिंदू हा पावसाबरोबर येतो आणि पाऊस संपल्यावर सुकतो. कार्तिकात त्याचं बी पडतं आणि पुढच्या आषाढात त्या बियांतून नवी रोपं येतात. आम्ही ती काढली तेव्हा ती फुलावर होती, बी अजून धरलं नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही त्याच जागी गेलो. गवत होतं, शेवाळ होतं, सीतेची आसवंही होती. दवबिंदू मात्र शोधून शोधून सात-आठ सापडले. त्या वहिनीनंच ते मोजले. परत येताना वाटेत ती काही बोलली नाही. खाली आल्यावर म्हणाली, खाण आपल्या हातात नाही, पण आपला हात तर आपल्या हातात आहे.

त्या दिवशी गटात ठरलं की सड्यावरचं काही उपटायचं नाही. तो माणूस पुन्हा आला तेव्हा त्याला नाही म्हणून सांगितलं. पण एक विचार डोक्यात राहिला. लोकांना अशी झाडं घरात हवी असतील, तर आपण ती रीतसर वाढवून का देऊ नयेत?

मग आम्ही एका जुन्या रोपवाटिकेतून सात रोपं विकत आणली. चार घटपर्णीची आणि तीन व्हीनस फ्लायट्रॅपची. ही दोन्ही नावं नवीन आहेत, म्हणून थोडं सांगतो.

घटपर्णीला बाजारात पिचर प्लांट म्हणतात. तिच्या पानाच्या टोकाला वेलीसारखा तंतू येतो आणि त्याच्या टोकाला लांबट तांब्यासारखा घट लटकतो. त्याला वर झाकणही असतं. काठावर गोड रस सुटतो, किडा तो चाटायला येतो, काठ निसरडा असतो, किडा आत पडतो. आत पाचक पाणी असतं. आपल्या देशात रानात उगवणारी घटपर्णी एकच, ती मेघालयात, खासी, जैंतिया आणि गारो डोंगरांत. तिथल्या गारो भाषेत तिला भुताची टोपली अशा अर्थाचं नाव आहे. लोकांनी ती इतकी ओरबाडली की आता तिला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि परदेशी व्यापारावरही कडक बंधनं आहेत. बाजारात कुंडीसाठी मिळतात त्या बहुतेक संकरित जाती, रोपवाटिकेत वाढवलेल्या.

व्हीनस फ्लायट्रॅप अमेरिकेची. तिथल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना या राज्यांत, समुद्राजवळच्या पाणथळ जमिनीत ती उगवते. मूळची ती जगात दुसरीकडे कुठली नाही. तिचं पान उघड्या शिंपल्यासारखं, काठाला दातांसारखे काटे. आत दोन्ही बाजूंना दोन-तीन बारीक केस. किडा एका केसाला लागला तर काही होत नाही. वीस सेकंदांच्या आत दुसऱ्यांदा लागला, तर पान खटकन मिटतं. पावसाचा थेंब पडला, कचरा पडला, तर उगीच मिटायला नको, म्हणून ही सोय. दोनदा विचारल्याशिवाय आपणही बाजारात पैसे काढत नाही, तसंच. आणि चोरीची गोष्ट तिथेही आहेच. रानातली रोपं लोक इतकी चोरायला लागले की उत्तर कॅरोलायनात २०१४ पासून तो गंभीर गुन्हा ठरवला आहे.

तर अशी सात रोपं आम्ही मोठ्या हौसेनं आणली. आणि दोन महिन्यांत त्यांतली पाच मारली.

कशी मारली? तर माया करून. आम्ही शेतकरणी. रोप आलं की आमचा हात आधी खताकडे जातो. आम्ही त्यांना छान गांडूळखत घातलं, शेणखत घातलं. नव्या मातीच्या कुंड्या आणल्या. खाडीकडच्या बोअरचं पाणी घातलं, ते जरा मचूळ आहे. एका काकूंनी घटात भाताची शितं घातली, एकीनं व्हीनसच्या तोंडात सुकटीचा तुकडा दिला. पोरं येता जाता बोट घालून पान मिटवून बघत. पानं काळी पडली, घट वाळले, सुकटीचं पान सडून गेलं. ज्या झाडाचा जन्म कसहीन मातीत, त्याच्या मुळांना खत सोसत नाही. मुळं जळतात.

नंतर कृषी महाविद्यालयातल्या एका मॅडमना आम्ही भेटलो, त्यांनी बरंच समजावलं. बाकी आम्ही करून करून शिकलो. ते आता एकेक करून सांगतो. ज्यांना लिहून घ्यायचं आहे त्यांनी वही-पेन घ्या.

पहिली गोष्ट पाणी. या झाडांना क्षाराचं पाणी चालत नाही. बोअरचं नाही, बहुतेक ठिकाणी नळाचंही नाही. आमच्यातल्या एकीनं पाणी उकळून गार करून घातलं. पण उकळल्यानं जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उलट पाणी आटतं आणि क्षार दाट होतात. सगळ्यांत उत्तम पाणी पावसाचं, म्हणजे आपल्या पागोळीचं. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, कौलांवरची धूळ आणि पाचोळा धुऊन जाऊ द्यायचा. मग पागोळीखाली पन्हळ लावून स्वच्छ पिंपात भरायचं. पिंपाला घट्ट झाकण, वर फडकं बांधायचं, डासांसाठी. किती साठवायचं याचा हिशोब सोपा आहे. एका कुंडीला दिवसाला पाव लिटर धरा. पाऊस गेल्यापासून पुढचा येईपर्यंत सात महिने, म्हणजे साधारण दोनशे दहा दिवस. एका कुंडीला बावन्न-त्रेपन्न लिटर लागतं. दोनशे लिटरच्या एका पिंपात तीन कुंड्या मागच्या पावसापासून पुढच्या पावसापर्यंत निघतात. पाणी संपलं तर फिल्टरचं आरओ पाणी चालतं, पण आधी मोजून घ्या. क्षार मोजायचा टीडीएस मीटर पेनाएवढा असतो, गटात मिळून एक घेतला तरी पुरतो. आकडा ५० च्या आत असला तर निर्धास्त घाला. १०० च्या वर गेला तर नको.

दुसरी गोष्ट माती. बागेतली माती नको, खत तर मुळीच नको. व्हीनस आणि दवबिंदूच्या जातींसाठी निम्मं पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, आणि निम्मी नदीची जाड वाळू. दोन्ही रोपवाटिकेच्या सामानाच्या दुकानात मिळतात. वाळू पाच-सहा पाण्यांनी धुवा. समुद्राची वाळू चुकूनही घेऊ नका, त्यात मीठ असतं. घटपर्णीला याहून मोकळं मिश्रण लागतं, म्हणजे सुकं लांब शेवाळ, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडा लाकडी कोळसा. सोडणं आपल्याकडे फुकट आहेत, पण तीही खारट असतात. पावसाच्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवायची, पाणी फेकायचं, पुन्हा भिजवायची. असं चार-पाच वेळा करा आणि शेवटच्या पाण्यात मीटर बुडवून बघा. कुंडी मातीची नको, तिच्यातले क्षार पाण्यात उतरतात. प्लॅस्टिकची घ्या, जुना आइस्क्रीमचा डबा भोकं पाडून घेतला तरी चालतो.

तिसरी गोष्ट ऊन. व्हीनस आणि दवबिंदू उघड्या कातळावरची, उघड्या दलदलीतली झाडं. त्यांना चार-पाच तास ऊन हवं. माजघरात टेबलावर शोभेला ठेवली तर महिन्याभरात लुळी पडतात. घटपर्णीला सकाळचं कोवळं ऊन आणि मग उजेडाची सावली. आमच्या कोकणातल्या पडवीत, पागोळीच्या आतल्या बाजूला टांगली की ती खूश असते, कारण हवेत ओल असते. घट येईनासे झाले तर समजा उजेड कमी पडतोय किंवा हवा कोरडी आहे. तेव्हा खत घालू नका, जागा बदला.

चौथी गोष्ट खायला काय. काही नाही. बाहेर ठेवलेलं झाड आपलं आपण मिळवतं. घरातच असेल तर महिन्यातून एखादी माशी किंवा मुंगी पुरे. व्हीनसला द्यायचा किडा तिच्या पानाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच असावा, मोठा दिला तर पान नीट मिटत नाही आणि कुजतं. भात, चपाती, मटण, सुकट, दूध काही नको. आणि बोट घालून पान मिटवायचा खेळ नको. एक पान त्याच्या आयुष्यात मोजक्या वेळाच मिटतं. दर वेळी रिकामं मिटलं की रोपाची ताकद फुकट जाते. हे आम्ही पाहुण्यांच्या पोरांना आता आधीच सांगून ठेवतो. घटातलं पाणी मात्र सांडू नका, ते तिचं पोट आहे. जुना घट तपकिरी होऊन वाळला की कात्रीनं कापून टाका.

पाचवी गोष्ट हवामान, आणि इथे आम्ही खरं सांगणार. व्हीनसला वर्षातून तीन-चार महिने थंडी लागते. त्या काळात ती झोपते, पानं काळी पडतात, लोकांना वाटतं मेली आणि फेकून देतात. आमच्या कोकणात तशी थंडी पडत नाही. दोन पावसाळे निघतात, मग ती दमत जाते. म्हणून आम्ही व्हीनस विकणं बंद केलं. महाबळेश्वर, पाचगणीकडच्या किंवा घाटावरच्या थंड गावांतल्या मैत्रिणींना ती जमू शकेल. आमच्या दमट हवेला घटपर्णी मानवते. आपल्या गावाला काय मानवतं ते बघूनच रोप घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना, डासांची. ही झाडं विकताना काही जण सांगतात की घरात ठेवा, डास-माशा संपतील. तसं काही होत नाही. एक झाड महिन्यात चार-दोन किडे धरतं, घरात डास शेकड्यानं असतात. उलट धोका आहे. व्हीनस आणि दवबिंदूच्या कुंड्या पाण्याच्या ताटलीत ठेवतात. त्या ताटलीत पाणी साचलं की डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर तीन-चार दिवसांनी ताटली रिकामी करून घासून पुन्हा भरा. आशाताई आपल्याला आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, त्यात ही ताटलीही धरा. घटपर्णीला ताटली नकोच, तिच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. वरून पाणी घाला, खालून निथळू द्या.

मैत्रिणींनो, ही माहिती ऐकताना तुम्हाला वाटेल की हे शिकलेल्या लोकांचं काम. म्हणून एका बाईंची गोष्ट सांगतो. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड नावाच्या गावी मेरी ट्रीट नावाच्या बाई राहत होत्या. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. नवऱ्यापासून वेगळं राहायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मासिकांत लेख लिहून आपलं पोट भरलं. लिहायच्या कशावर, तर घराभोवतीचे कोळी, मुंग्या, पक्षी आणि किडे खाणारी झाडं. आपल्या सीतेच्या आसवांचं भावंड शोभेल असं एक पाण्यातलं झाड त्यांनी घरी आणून ठेवलं आणि तासन् तास सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. त्या वेळी जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन याच झाडांवर पुस्तक लिहीत होते. त्यांना वाटत होतं की किडे आपणच झडप ढकलून पिशवीत शिरतात. मेरीबाईंनी डोळ्यांनी पाहिलं की झडपेला लागताच किडा आत ओढला जातो. त्यांनी ते डार्विनना पत्रानं कळवलं. डार्विनचं पुस्तक १८७५ साली निघालं, त्यात मेरीबाईंच्या निरीक्षणाचा त्यांच्या नावानिशी उल्लेख आहे. ही गोष्ट मॅडमनी आम्हाला सांगितली तेव्हा आमच्या काकी म्हणाल्या, म्हणजे बघत बसणं हेही काम आहे म्हणायचं.

तेव्हापासून आम्ही बघतो. कुठल्या कुंडीला कधी पाणी घातलं, नवा घट कधी आला, वहीत लिहून ठेवतो. वाचलेल्या दोन घटपर्णींपासून आता चौतीस रोपं झाली आहेत. त्यांची कलमं करायची रीत अशी. पावसाळ्याच्या सुरुवातीला निरोगी वेलीचा दोन-तीन पेरांचा तुकडा धारदार सुरीनं कापायचा, पानं अर्धी छाटायची, ओल्या शेवाळात खोचायचा आणि सावलीत झाकून ठेवायचा. महिना-दोन महिन्यांत मुळं धरतात. दहांतली पाच-सहा जगतात. एक रोप विकण्याजोगं व्हायला वर्ष जातं. यात झटपट पैसा नाही. मोगरा आणि अबोलीच आमचं पोट भरतात, घटपर्णी त्यांच्या जोडीला आहे. गेल्या वर्षी शहरातल्या प्रदर्शनात अकरा रोपं गेली. प्रत्येक रोपाबरोबर आम्ही एक चिठ्ठी देतो. तिच्यावर लिहिलेलं असतं: पावसाचं पाणी, खत नाही, बोट घालू नये, आणि हे रोप आम्ही वाढवलेलं आहे, रानातून आणलेलं नाही.

तुम्हीही असं रोप विकत घ्याल तेव्हा विकणाऱ्याला एकच विचारा, हे कुठून आणलं? कलम केलं, बी लावलं, असं तो सांगू शकला तर घ्या. सड्यावरून आणलंय, डोंगरावरून आणलंय म्हणाला, तर स्वस्त असलं तरी घेऊ नका. ते तुमच्या घरी जगणारही नाही आणि सड्यावर परत उगवणारही नाही.

आणि हो, त्या साठ रोपांच्या जागेचं सांगायचं राहिलं. आम्ही दर वर्षी गणपतीनंतर तिथे जातो. पहिल्या वर्षी सात-आठ होते. मग एकोणीस झाले. गेल्या वर्षी वहिनीनं एकेचाळीस मोजले. ती आपल्या मुलीलाही घेऊन आली होती. मुलगी आता बारावीला आहे. दोघी कातळावर पालथ्या पडून मोजत होत्या आणि काकी खालून ओरडत होत्या, पाय बघून ठेवा गं, एखादा तुडवाल.

साठ अजून झालेले नाहीत. होतील.

तर मैत्रिणींनो, या पावसाळ्यात पागोळीखाली एक पिंप जास्तीचं लावा. झाडासाठी नाही लागलं तर गुरांना लागेल. आणि तुमच्या जवळ सडा किंवा पठार असेल तर एकदा लेकीबाळींना घेऊन जा, त्यांना दवबिंदू दाखवा. बघा, मोजा, आणि तिथेच ठेवून या. आमचं बोलणं इथेच थांबवतो.